टॉप लिंक घ्यायची, पण मोजून



आमच्या बावड्याकडे, नीरा आणि भीमेच्या मधल्या काळ्या रानात उसाचा खोडवा मोडायचा म्हटलं की पलटी नांगर लागतो. नांगरट झाली की रोटाव्हेटर, मग सरी सोडायला रिजर. ट्रॅक्टर एक, अवजारं तीन. आणि या तिन्हींचा तोल सांभाळते ती वरची एकच दांडी, टॉप लिंक.

माझी जुनी लिंक वाकली तेव्हा मी एका दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "दादा, जाड देऊ का साधी?" मी म्हणालो, "जाड द्या." झाली खरेदी! लांबी त्यानं विचारली नाही, मी सांगितली नाही. घरी नांगर जोडला तर लिंक अपुरी. आटे बाहेर काढत काढत कशीबशी पिन बसवली. दुसऱ्या दिवशी बांधाला वळताना नांगर उचलला आणि आटे सोलून दांडा नळीतून सुटला. नांगराचा माथा मागं कलंडला, शेपूट धाडकन जमिनीवर आदळलं. माझा मुलगा नुकताच तिथून बाजूला झाला होता.

म्हणून आता आधी टेप, मग दुकान. सपाट जागी अवजार जोडून ते कामाच्या स्थितीत आणायचं. ट्रॅक्टरकडच्या भोकाच्या मध्यापासून अवजाराच्या माथ्यावरच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजायचं. तिन्ही अवजारांचं माप घ्यायचं. लिंक पूर्ण मिटवली तर सर्वांत लहान मापापेक्षा थोडी आखूड भरली पाहिजे, आणि सर्वांत मोठ्या मापाला उघडली तरी दोन्हीकडचे आटे नळीत भरपूर राहिले पाहिजेत. मी स्वतः दांड्याच्या जाडीच्या दुप्पट आटे आत ठेवतो. या लिंकला एका बाजूला उजवे आणि दुसऱ्या बाजूला डावे आटे असतात, त्यामुळे मधली नळी फिरवली की दोन्ही टोकं बरोबरच बाहेर येतात. पण जोडतानाच एक टोक जास्त बाहेर राहिलं असेल तर ते आधी सुटतं. हे दुकानातच बघून घ्या.

पिनचंही तसंच. लहान ट्रॅक्टरच्या पहिल्या प्रकारात टॉप लिंकची पिन १९ मिलिमीटरची, मोठ्यांच्या दुसऱ्या प्रकारात २५ ची. मोठ्या भोकात बारीक पिन घातली की खडखड वाढते आणि भोक लांबट होतं. बुश घाला. पिनच्या जागी घरातला बोल्ट तर नकोच.

लांबीला एवढं महत्त्व का? लिंक आखूड केली की नांगराचं नाक खाली जातं, लांब केली की शेपटाकडं भार येतो आणि फाळ जमिनीत नीट शिरत नाही. नाक फार खाली गेलं की ट्रॅक्टर घुसमटतो आणि डिझेल जळतं. रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स कलता राहिला तर पीटीओ शाफ्टचे क्रॉस वाजायला लागतात. एकाच्या मापानं सगळी अवजारं चालवणारे आमच्याकडं पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच होतो.

ही तीन बिंदूंची जोडणी आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांची. १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. त्याआधी नांगर ट्रॅक्टरमागं नुसता ओढला जायचा. फाळ खडकात अडकला की ट्रॅक्टरचं तोंड उचलायचं आणि तो मागं उलटायचा. फर्ग्युसन यांच्या जोडणीत नांगरताना टॉप लिंक पुढं दाबली जाते आणि ते उलटणं अडतं. कित्येक ट्रॅक्टरांत हाच दाब एका स्प्रिंगवर येतो आणि त्यावरून लिफ्ट नांगराची खोली सांभाळते.

म्हणूनच चिखलात रुतलेली उसाची ट्रॉली ओढायला टॉप लिंकच्या ब्रॅकेटला साखळी बांधू नका. ओढ मागच्या आसाच्या वर गेली की पुढची चाकं उठतात, आणि क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. साखळी खालच्या हुकालाच.

हायड्रॉलिक टॉप लिंकही मिळते. बसल्या जागी लांबी बदलते, पण त्यासाठी डबल अ‍ॅक्टिंग व्हॉल्व्ह लागतो आणि सिलिंडर गळका निघाला तर नांगर हळूहळू कलतो. एका ट्रॅक्टरवर तीन अवजारं चालवणाऱ्याला आट्यांची लिंक पुरते. तिला ग्रीस द्या आणि लॉकनट आवळा.

मी वेळूच्या काठीवर तीन खाचा पाडून ती टूलबॉक्समध्ये ठेवली आहे: नांगर, रोटाव्हेटर, रिजर. अवजार बदललं की मुलगा काठी लावतो, तेवढी लिंक फिरवतो आणि कामाला लागतो.