आणखी एकदा
(मंडळाच्या पालक मेळाव्यातील भाषण)



शिप्रेच्या आरतीला रामघाटावर आपण सगळेच जातो. आपलं लक्ष आरतीकडे असतं. बरोबरच्या दोन-अडीच वर्षांच्या नातवाचं पायऱ्यांकडे. तीन पायऱ्या खाली, तीन वर, परत खाली. आजोबा म्हणतात, "अरे, झालं ना आता, चल!" त्याचं झालेलं नसतं. पाय कुठे टाकायचा, तोल कसा सावरायचा, हे तो प्रत्येक फेरीत नव्याने अजमावत असतो. दोन्ही पाय एका पायरीवर टेकवून पुढे जाणारं मूल काही महिन्यांनी एकाआड एक पाय टाकू लागतं, ते अशा फेऱ्यांतून. घाटावर शेवाळ असतं, तेव्हा हात धरायलाच हवा. पण हात धरणं वेगळं आणि ओढून नेणं वेगळं.

मारिया माँटेसरींनी हे नुसतं पाहिलं नाही, मोजलं. १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह सुरू केलं. तिथे तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या भोकांत लहान-मोठे दट्टे बसवत होती. बसवायचे, काढायचे, पुन्हा बसवायचे. भोवती मुलांना गाणी म्हणायला लावली. तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिने ठोकळा मांडीवर घेतला आणि काम चालू ठेवलं. चाळीसहून अधिक वेळा तेच करून ती आपणहून थांबली, तेव्हा झोपेतून ताजीतवानी होऊन उठावी तशी दिसत होती.

हा विचार आपल्याकडे रुजवला तो गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ बोर्डीला, १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत रमल्या. तिथे महागडी साधनं कुठली? खडे, शिंपले, बिया, पानं. वेचायची, लावायची, मोडायची, पुन्हा लावायची. आज ज्याला आपण अंगणवाडी म्हणतो, तो शब्द आणि ती कल्पना याच कामातून आली.

आता आपल्या मूर्ती-कार्यशाळेबद्दल. दरवर्षी काही पालक आम्हाला विचारतात, "दोन दिवस झाले, आमची छकुली नुसते गोळेच वळतेय. गणपती कधी करणार?" प्रश्न रास्त आहे, घरी काहीतरी दाखवायला न्यायचं असतं. पण तो गोळा हीच तिची त्या दिवसाची मूर्ती आहे. माती किती ओली हवी, किती दाबली की चपटी होते, दोन्ही तळव्यांत कशी फिरवली की गोल राहते, हे सांगून कळत नाही. आपली माळव्याची काळी माती तर वाळताना तडकते. पाणी जास्त झालं की हाताला चिकटते, कमी झालं की भेगा पडतात. तिसाव्या गोळ्याला बोटं हे ओळखू लागतात. मग सोंड वळायला वेळ लागत नाही. आईने हातातून माती घेऊन सोंड लावून दिली, तर मूर्ती सुबक होते आणि शिकणं तिथेच थांबतं. उकडीच्या मोदकाच्या कळ्या आपल्यापैकी कुणाला पहिल्या खेपेला जमल्या होत्या?

अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करणाऱ्या मंडळींना पुनरावृत्ती नवी नाही. एक फरक मात्र लक्षात घ्यावा. मुलाने स्वतः धरलेली पुनरावृत्ती निराळी आणि आपण लादलेली निराळी. पाच पानं "अ" गिरवून घेतला, तर मूल कंटाळतं, अक्षरही बिघडतं. तेच मूल तांदळात बोटाने स्वतःहून पन्नासदा "अ" काढेल. थांबायचं केव्हा, हे त्याचं त्याला कळू द्यावं. आमचं काम साहित्य मांडून ठेवणं, एकदा सावकाश करून दाखवणं आणि गप्प बसणं. यातलं गप्प बसणं सगळ्यात अवघड, हे आम्ही अनुभवाने सांगतो!

म्हणून यंदा कार्यशाळेत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वेळेचं बंधन नाही, स्पर्धा नाही, बक्षीसही नाही. पालकांनी मागच्या रांगेत बसावं. मुलांच्या मूर्तींचं विसर्जन नदीत न करता बादलीत करू. विरघळलेली माती गाळून ठेवू, म्हणजे दिवाळीत किल्ल्याला तीच वापरता येईल. येताना जुना पंचा आणि एक वाटी तेवढी आणा.