घड्याळांची एकवाक्यता

परतूर हें गांव ७६.२ पूर्व रेखांशाच्या आसपास आहे आणि भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशावरून धरतात. एका अंशास ४ मिनिटें, या हिशेबानें परतूरचा माध्यान्ह घड्याळांत बारा वाजल्यानंतर सरासरी २५ मिनिटांनीं होतो. तरी परतूर स्थानकावरील गाडी सूर्याकडे पाहून सुटत नाहीं. १९०६ सालीं सुरू झालेली प्रमाणवेळ पुढें सर्वांनीं मानली, म्हणूनच परतूरचा प्रवासी आणि मनमाडचा स्टेशनमास्तर एकाच घड्याळाची भाषा बोलतात.

संगणकांचीही हीच गरज आहे. शाळेंत किंवा कचेरींत लिनक्सवर चालणारे दहा-वीस संगणक एका जाळ्यांत जोडले, कीं त्यांपैकीं एकास वेळेचा सर्व्हर नेमतात. तो बाहेरून वेळ घेतो व इतरांस देतो. डेव्हिड मिल्स यांनीं रचलेली ‘एनटीपी’ ही पद्धति यासाठीं १९८५ पासून प्रचारांत आहे. घड्याळें जुळलीं नाहींत, तर सकाळची नोंद दुपारच्या नोंदीनंतरची ठरते आणि खरें काय घडलें हें शोधणाराचा आधारच नाहींसा होतो.

अशा वेळीं एकेक घड्याळ हातानें सरकविणें हा उपाय नव्हे. तीं पुन्हा भरकटतात. प्रथम फरक मोजावा. तो नेमका साडेपाच तासांचा असल्यास कालविभागाची मांडणी चुकली असावी, कारण एनटीपी केवळ जागतिक वेळ देते. तो कित्येक वर्षांचा असल्यास संगणकांतील नाण्याएवढी बॅटरी संपली असावी. सर्व्हर उत्तरच देत नसेल, तर यूडीपीचें १२३ क्रमांकाचें द्वार फायरवॉलनें अडविलें आहे काय, तें पाहावें.

उत्तर येऊनही वेळ स्वीकारली जात नसेल, तर सर्व्हरची पायरी पाहावी. अणुघड्याळाशीं थेट जोडलेला सर्व्हर पहिल्या पायरीवर, त्याच्याकडून वेळ घेणारा दुसर्‍या, असा हा क्रम आहे. १६ हा आंकडा दिसला, तर सर्व्हर स्वतःच सांगत असतो कीं आपणांस वेळ ठाऊक नाहीं. मग खालचे संगणक तपासण्यांत अर्थ नाहीं. बहुधा बाहेरचें इंटरनेटच तुटलेलें असतें.

‘क्रोनी’ या प्रणालींत ‘लोकल’ ही आज्ञा दिल्यास संबंध तुटल्यावरही सर्व्हर स्वतःच्या घड्याळावर सर्वांस एकत्र राखतो. परंतु तेव्हां लाभते ती एकवाक्यता. ती वेळ खरी असेलच असें नाहीं. म्हणून इंटरनेट परत येतांच सर्व्हरची वेळ पुन्हा बाहेरच्या वेळेशीं ताडून पाहावी, आणि मगच त्या दिवसाच्या नोंदींवर विसंबावें.