बोटीचा प्रवास आणि आपले सामान

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



मला भाषण करण्याची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, आणि त्यानंतरचे लिहिणे म्हणजे वाण्याची यादी नि भिशीची वही. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही बोटीने जाऊन आलात, आता आमच्या अकरा जणींचे घाटत आहे, तेव्हा काय काय झाले ते सांगा." म्हणून चार कागद लिहून आणले आहेत. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

आम्ही परत आल्यापासून जी भेटते ती दोनच गोष्टी विचारते. बोटीवर जेवण कसे होते, आणि मळमळले का? जेवण चांगले होते आणि मळमळले नाही. हे एवढ्यात संपले. बोटीवरचे दिवस कोणालाही निभावता येतात, कारण तेथे सगळे आयते असते. खरी परीक्षा होते ती बोटीत चढण्यापूर्वीच्या पाच-सहा तासांत आणि उतरल्यानंतरच्या दिवसभरात. त्याविषयी कोणी विचारत नाही, आणि जाण्यापूर्वी मीही कोणाला विचारले नव्हते.

गेल्या थंडीत आमच्या चिरंजीवाने पहिल्या बोनसमधून आम्हा तिघांची, म्हणजे आमचे हे, सासूबाई आणि मी, अशी मुंबईहून गोवा आणि परत मुंबई अशी तिकिटे काढली. अशा बोटी अलीकडेच आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आल्या आहेत. २०१८ साली आंग्रिया नावाची बोट मुंबई-गोवा सुरू झाली होती, ती पुढे बंद पडली. २०२१ पासून पुन्हा मुंबईहून मोठी बोट सुटू लागली. बोट लागते ती बॅलार्ड पिअरला, इंदिरा गोदीत. तेथे २०२५ साली प्रवाशांसाठी मोठी नवी इमारत झाली आहे. मुंबईच्या मोठ्या स्टेशनापासून, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून, टॅक्सीने अगदी जवळ.

आता आपल्या गावाची अडचण अशी की आपल्याला समुद्र नाही. बोट गाठायची तर आधी आगगाडी गाठली पाहिजे. सकाळच्या वंदे भारतने जावे तर ती मुंबईला पोहोचते दुपारी, आणि बोटीत माणसे घेणे तोवर संपत आलेले असते. म्हणून आदल्या रात्रीची देवगिरी धरावी लागते. ती सकाळी सातच्या सुमारास मुंबईला सोडते आणि बोटीचे दार उघडते दुपारी. मधल्या वेळाचे काय?

आम्ही काय केले ते सांगते, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. आम्ही पाच तास फलाटावर सामानाची राखण केली. तीन माणसे आणि सहा डाग. हे चहाला गेले की मी राखण करायची, मी तोंड धुवायला गेले की हे. सासूबाई तर जागच्या हलल्याच नाहीत. ज्या स्टेशनाच्या १८८८ सालच्या इमारतीला २००४ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, ती बाहेरून बघायला परदेशातून माणसे येतात. आम्ही तिच्या पोटात पाच तास बसलो आणि आमच्या बॅगा पाहिल्या.

क्लोकरूममध्ये सामान ठेवावे हे यांना सुचले होते. पण तेथे कुलूप नसलेले सामान घेत नाहीत, आणि आमच्या सहापैकी दोन कापडी पिशव्या आणि एक चेन तुटलेली बॅग. घरून निघताना "एवढ्याशा पिशवीला कसले कुलूप" असे मीच म्हणाले होते. तेव्हा पहिली गोष्ट लिहून घ्या: प्रत्येक डागाला कुलूप, आणि डाग कमी. आगगाडीचे तिकीटही हाताशी ठेवा, ते दाखवावे लागते. पावती मिळते ती जिवापाड जपायची.

आता दुसरी गोष्ट सांगते. ती सांगताना मला अजून लाज वाटते, पण तिच्यासाठीच मी उभी आहे.

बोटीच्या इमारतीत शिरताना मोठ्या बॅगा आपल्याकडून घेतात. त्यांना खोलीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधलेली असते. मग त्या तपासून थेट खोलीच्या दाराशी पोहोचवतात. सोय फार चांगली. परंतु शेकडो माणसांच्या बॅगा असतात. आपली कधी येईल ते सांगता येत नाही. आम्ही साडेबाराला बॅगा दिल्या. आधारकार्ड, तपासणी, रांगा असे करत खोलीत पोहोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. जेवणाचा हॉल उघडा होता. सासूबाई म्हणाल्या, "अगो, माझी गोळी दे, म्हणजे जेवते."

भगिनींनो, माझ्या पोटात गोळा आला. साखरेची आणि रक्तदाबाची, दोन्ही औषधे मी नीट प्लास्टिकच्या डब्यात घालून, हरवू नयेत म्हणून, सर्वांत मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवली होती.

मी दाराबाहेर पाहिले. लांबच लांब बोळ, आणि आमच्या दाराशी काही नाही. खालच्या टेबलावरची मुलगी गोड बोलली, पण संध्याकाळपर्यंत बॅगा येत राहतील एवढेच तिला सांगता आले. ती तरी काय करणार? बोट अजून धक्क्यालाच होती म्हणून फोन लागत होता. आपल्या गावच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी काय खायला द्यावे ते सांगितले, आणि बोटीवर दवाखाना असतो, गरज पडली तर तेथे जा म्हणाले. बॅग आली साडेसहाला. त्या साडेतीन तासांत बोट सुटली, लोक वर गच्चीवर बँड ऐकत होते, मुंबईचे दिवे लागत होते म्हणे. मी खोलीत सासूबाईंच्या कपाळाला घाम येतो का ते बघत बसले होते. यांनी मला एक शब्द बोलला नाही. बोलले असते तर बरे वाटले असते.

सासूबाई काय म्हणाल्या ते सांगते. त्यांचे माहेर जयगडच्या बाजूचे. लहानपणी त्या कोकणच्या आगबोटीने मुंबईला येत-जात. जयगडला बोट किनाऱ्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही, आणि माणसांना पडावात उतरावे लागे. ट्रंक आणि वळकटी खलाशी उचलून टाकायचे, ती कोणाच्या पडावात जाईल याचा नेम नसे. म्हणून त्यांच्या आजीने प्रत्येक पोराच्या गळ्यात एक लहान बोचके बांधलेले असे. त्यात एक कपडा, दशम्या आणि पैसे. बाकी सगळे गेले तरी तेवढ्यावर घर गाठता आले पाहिजे. सासूबाईंनी सकाळपासून असेच एक बोचके मांडीवर धरले होते, आणि मी मनातून हसत होते. त्यात लुगडे होते, शाल होती, पाण्याची बाटली होती. फक्त गोळ्या नव्हत्या, कारण त्या सुनेने हौसेने स्वतःकडे मागून घेतल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "बोटीवर सामान हातातनं सुटलं की घटकाभर ते आपलं नसतं."

पुढे माझ्या वाचनात आले की जुन्या काळी विलायतेच्या बोटी याच बॅलार्ड पिअरवरून सुटत. आगगाडी थेट बोटीपर्यंत येई, तेथे तिचे वेगळे स्टेशनच होते. त्या प्रवाशांच्या पेट्यांवर निरनिराळ्या चिठ्ठ्या लावीत: ही खोलीत हवी, ही वाटेत लागेल, ही मुक्कामाला पोहोचेपर्यंत लागणार नाही. शेवटच्या जातीच्या पेट्या बोटीच्या तळघरात जात. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेला गेल्या तेव्हा जवळजवळ दोन महिने वाटेत होत्या. एवढ्या प्रवासात पेटी तळाला गेली आणि हवी ती वस्तू तिच्यात राहिली तर काय होत असेल, हा विचार हल्ली माझ्या मनात येतो. आपण बायका बॅग भरतो ती माणसाप्रमाणे, यांची, मुलांची, माझी. किंवा जागेप्रमाणे, जड खाली नि हलके वर. ती भरायला हवी वेळेप्रमाणे. दुपारी काय लागेल, रात्री काय लागेल, परवा काय लागेल. दुपारचे ते हातात. औषधे, चष्मा, आधारकार्ड, फोनची तार, एक कपडा, बस्स.

बाकी किरकोळ झरझर सांगते. इस्त्री, किटली, सुरी बोटीत चालत नाही. घरचे खाण्याचे डबे चालत नाहीत. आमचा चिवडा स्टेशनवरच संपवावा लागला. (तो हमालांनाही आवडला.) सगळ्यांच्या बॅगा काळ्याच असतात, तेव्हा खुणेसाठी काही बांधा. मी जुन्या हिमरू शालीचा काठ फाडून मुठीला बांधला होता, आणि एक बाई मला विचारत आल्या की हे कापड कोठे मिळते. बोट खोल समुद्रात गेली की फोन बंद, म्हणून नंबर वहीत लिहून न्या.

परतीच्या आदल्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवल्या की त्या सकाळी खाली इमारतीत मिळतात. आमच्या शेजारच्या खोलीतल्या एका हौशी बाईंनी रात्रीच सगळे भरून बाहेर ठेवले. सकाळी अंगावर गाऊन, आणि साड्या गेल्या खाली. त्या बिचाऱ्या माझी साडी नेसून उतरल्या. स्वतः उचलून नेण्याइतके सामान असेल तर खोलीतच ठेवून आपल्या हाताने उतरावे. तेही चालते, आणि लवकर सुटका होते.

आता परतीचा दिवस. बोट सकाळी लागते. दुपारची जनशताब्दी किंवा वंदे भारत मिळेल अशी आशा वाटते, पण बोटीला उशीर झाला, बॅगांची रांग लागली, तर तिकीट वाया. आम्ही रात्री साडेनऊच्या सुमाराची देवगिरी धरली होती, जी पहाटे आपल्या गावी आणते. म्हणजे सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत अकरा तास मोकळे.

यांचे म्हणणे, डोंबिवलीला आतेभावाकडे जाऊ. मी प्रथमच विरोध केला. कामाचा दिवस, दोघे नोकरीवाले, त्यांच्या दोन खोल्यांत आपण सहा डाग घेऊन दुपारभर पसरायचे, त्या सुनेने रजा टाकायची, आणि गर्दीच्या लोकलमधून ते ओझे पुन्हा परत आणायचे. मी स्वतः सून आहे. असे पाहुणे माझ्याकडेही येतात. फोनवर रामराम केला आणि आतेभाऊ खरे सांगायचे तर खूशच झाले.

गोव्यात तीन कुलुपे विकत घेतली होती. तुटक्या चेनीची बॅग तेथेच टाकली, पिशव्या एका बॅगेत कोंबल्या. स्टेशनवर येऊन सगळे क्लोकरूममध्ये दिले, पावती यांच्या पाकिटात आणि फोटो माझ्या फोनमध्ये. सासूबाईंनी बोचके मात्र दिले नाही, आणि या वेळी मीही आग्रह केला नाही. गोळ्या त्यातच होत्या.

हात रिकामे झाल्यावर मला काय करावे ते कळेना. अकरा तास, ना स्वयंपाक, ना दळण, ना कोणाची शाळा. आपल्यापैकी कोणाला असे अकरा तास मिळतात? मी सवयीने म्हणाले, मसजिद बंदरला जाऊन वर्षाचा मसाला घेऊ. हे म्हणाले, दादरला साड्या बघ. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मला भाऊच्या धक्क्याला न्याल का?"

टॅक्सी केली. भाऊचा धक्का म्हणजे जेथून कोकणच्या बोटी सुटत तो. आता तेथून रेवस, मोरा बंदराच्या लाँच सुटतात, आणि २०२० पासून मोटारी पोटात घेऊन मांडव्याला जाणारी मोठी बोट. मासळीचा वास, टोपल्या, आरडाओरडा. १९४७ च्या जुलैत रामदास बोट येथूनच रेवसला निघाली होती आणि सहाशेहून जास्त माणसे घेऊन बुडाली. सासूबाईंचा जन्म त्यानंतरचा, तरी पावसाळ्यात समुद्राकडे पाठ करून बसायचे, असे त्यांच्या घरात होते म्हणे. त्या सावकाश चालत पुढे गेल्या, एका लाँचवाल्याला थांबवले आणि विचारले, "जयगडची बोट कुठे लागते रे?"

तो हसला. "आजी, ती बोट केव्हाच बंद झाली."

"ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "लागायची कुठे ते विचारते."

त्याने तिथल्या एका म्हाताऱ्याला हाक मारली. त्या दोघांनी मग हात करून करून जागा ठरवली. येथे शिडी होती, नाही, त्या बाजूला होती, येथे नारळ उतरत. मी बोचक्यातली शाल काढून दगडावर अंथरली. आम्ही तेथे अडीच तास बसलो. सासूबाईंनी मला त्यांच्या आईविषयी सांगितले, जे लग्नाला पंचवीस वर्षे होऊनही मला माहीत नव्हते. ते येथे सांगत नाही. एक वाजता त्यांनी न मागता मी गोळी दिली आणि आम्ही जवळच्या खानावळीत जेवलो. मसाला राहिला तो राहिलाच.

रात्री नऊला पावती देऊन सामान घेतले, मोजले, बरोबर होते.

ज्या अकरा जणींचे ठरत आहे त्यांनी आगगाडीची तिकिटे बोटीच्या आधी बघावीत. गाड्यांच्या वेळा बदलतात, तेव्हा तिकीट काढताना पुन्हा विचारावे. ज्यांना वयस्कर माणसे न्यायची आहेत त्यांनी औषधांची यादी माझ्याकडे आणून द्यावी, बटवे मी शिवून देईन. आठ शिवून तयार आहेत, आणखी कापड पडले आहे. नावे चिटणीसबाईंकडे द्या.