मारुती कांबळे ते दत्ताभाऊ

१९७५ च्या चित्रपटांसाठी जे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, त्यात मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला जब्बार पटेल यांचा ‘सामना’ आणि हिंदीतला श्याम बेनेगल यांचा ‘निशांत’. दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि दोन्हींचा विषय गावातली सत्ता. ‘सामना’त मारुती कांबळे नावाचा एक माजी सैनिक गावच्या साखरसम्राटाला आडवा जातो आणि नाहीसा होतो. ‘निशांत’मध्ये जमीनदाराचे माजलेले भाऊ शाळामास्तरच्या बायकोला घरातून उचलून नेतात. एका चित्रपटात सत्तेखाली चिरडला गेलेला मारुती आणि दुसऱ्यात चिरडणाऱ्या भावांपैकी एक, अशा दोन्ही भूमिका एकाच नटाने केल्या आहेत. त्या नटाचं नाव डॉ. मोहन आगाशे.

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे अनेक पुरस्कारप्राप्त चित्रपटांत दिसणारे नट. नायक-नायिकांची चर्चा नेहमीच होते, त्यामुळे इथे पाहायचं आहे ते नायकाच्या शेजारी, समोर किंवा जरा मागे उभ्या असणाऱ्या माणसाकडे. पुरस्कारांच्या याद्या वर्षानुवर्षं वाचत गेलं, की काही चेहरे पुन्हा पुन्हा भेटतात. नशिबाने एखादा चांगला चित्रपट मिळू शकतो, चार दशकांत दहा मिळत नाहीत.

जगातलं सर्वांत ठळक उदाहरण जॉन कॅझाल या अमेरिकन नटाचं आहे. त्याने मोठे कथापट केले ते फक्त पाच: ‘द गॉडफादर’, ‘द कॉन्व्हर्सेशन’, ‘द गॉडफादर’चा दुसरा भाग, ‘डॉग डे आफ्टरनून’ आणि ‘द डिअर हंटर’. पाचही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नामांकन मिळालं आणि त्यांतल्या तिघांनी तो पुरस्कार जिंकला. कॅझालला स्वतःला एकही नामांकन मिळालं नाही. १९७८ मध्ये, ‘द डिअर हंटर’ पडद्यावर येण्याआधीच, कर्करोगाने तो गेला. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. ‘द गॉडफादर’मध्ये भर रस्त्यात बापावर गोळ्या झाडल्या जातात तेव्हा त्याचा फ्रेडो पिस्तूल काढतो, ते त्याच्या हातातून निसटतं, आणि तो रस्त्याच्या कडेला बसून लहान मुलासारखा रडू लागतो. हा मधला मुलगा वारस का होऊ शकत नाही आणि धाकट्याला गादीवर का बसावं लागलं, हे प्रेक्षकाला तेवढ्यात कळून जातं. अल पचिनोच्या मायकेलचं कणखरपण फ्रेडोच्या त्या थरथरत्या हातांमुळे उठून दिसतं. पचिनो आणि कॅझाल यांची सोबत सिनेमाच्या आधीची होती. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर दोघांनी एकत्र काम केलं होतं आणि तिथेच एकमेकांच्या कामाचा अंदाज त्यांना आला होता.

आगाशे यांच्या बाबतीत ही सोबत पुण्यात घडली, तीही वैद्यकीय महाविद्यालयात. कान-नाक-घशाचे शल्यविशारद श्रीराम लागू, बालरोगतज्ज्ञ जब्बार पटेल आणि मनोविकारतज्ज्ञ मोहन आगाशे हे तिघेही बी. जे. मेडिकलचे. लागूंनी १९६९ मध्ये वैद्यकी सोडून रंगभूमीला वाहून घेतलं. आगाशे यांनी ती सोडली नाही. ते बी. जे. मेडिकलमध्येच मनोविकारशास्त्र शिकवत राहिले, आणि सकाळी विद्यार्थी व रुग्ण, संध्याकाळी तालीम असा त्यांचा दिनक्रम अनेक वर्षं चालला.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंद यांचं नृत्यदिग्दर्शन आणि नाना फडणवीसांच्या भूमिकेत आगाशे. १९ प्रयोगांनंतर ते सादर करणाऱ्या संस्थेने नाटक थांबवलं. तेव्हा त्यातली तरुण मंडळी बाहेर पडली आणि १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली. नाटक पुन्हा उभं राहिलं आणि १९८० मध्ये युरोपचा दौरा करून आलं.

‘घाशीराम’मध्ये सर्वांत ताकदीची जागा कोणाची असेल, तर ती ब्राह्मणांच्या त्या ओळीची. ही ओळ गाते, डोलते, पाठ फिरवून पडदा होते, क्षणात दुभंगते आणि तिच्यामागून नाना येतात. नाना साकारणारा नट कितीही मोठा असला तरी त्या ओळीच्या लयीबाहेर गेला की नाटक कोसळतं. आगाशे यांनी ही भूमिका वर्षानुवर्षं केली. आपली लय दुसऱ्याच्या लयीत मिसळण्याची जी सवय त्यांच्या अंगी मुरलेली दिसते, तिचा उगम या नाटकात आहे असं ठामपणे म्हणता येतं.

‘सामना’तला मारुती पाहा. पूर्ण चित्रपटभर त्याचं नाव कानांवर पडतं, पण तो स्वतः पडद्यावर फार कमी वेळ असतो. गावात आलेला दारुडा मास्तर, म्हणजे डॉ. लागू, त्या नावाचा पिच्छा सोडत नाही, आणि निळू फुले यांच्या हिंदुराव धोंडे-पाटलाचा वाडा त्या एका प्रश्नाने हादरू लागतो. मारुतीचं काय झालं हा प्रश्न तर मराठी राजकीय भाषणांत आणि अग्रलेखांत जाऊन बसला आहे. अशा भूमिकेत नटाची कसोटी वेगळीच असते. थोड्या दृश्यांत त्याने अशी छाप सोडायला हवी, की उरलेला सगळा वेळ प्रेक्षक त्याची आठवण ठेवतील. लागू आणि फुले यांची जुगलबंदी मराठीत दंतकथा झाली आहे आणि ती त्या योग्यतेचीच आहे. पण ती कोणासाठी चालली आहे, ते आगाशे यांच्या त्या मोजक्या दृश्यांमुळे ठसतं.

पुढच्याच वर्षी ‘मंथन’ आला. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला हा चित्रपट हिंदीतला सर्वोत्कृष्ट ठरला. गिरीश कर्नाडांच्या डॉ. रावांबरोबर गावात येणाऱ्या चमूतला देशमुख हा सावध सहकारी आगाशे यांनी केला. मग ‘जैत रे जैत’ (१९७७), ज्यात ते राणी माशीचा सूड घ्यायला निघालेला ठाकर नाग्या झाले. ‘सिंहासन’ (१९७९) आला, त्यात तेही आहेत. ‘आक्रोश’ (१९८०) हिंदीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि भारताच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याने सुवर्णमयूरही पटकावला, त्यातही ते आहेत. ‘निशांत’, ‘मंथन’, ‘जैत रे जैत’, ‘आक्रोश’ आणि ‘सद्गती’ या पाचही ठिकाणी त्यांच्याबरोबर स्मिता पाटील आहेत. ‘सामना’, ‘निशांत’, ‘मंथन’, ‘सिंहासन’, ‘आक्रोश’ या पाचांना तेंडुलकरांची लेखणी लाभली आहे. पुरस्कारांच्या यादीत जे सुटे सुटे चित्रपट दिसतात, ते बनवणारी माणसं एकमेकांच्या तालमीतून आलेली होती. ‘आक्रोश’मध्ये तर नाटककार महेश एलकुंचवारही कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

या मंडळींनी आपापल्या जागाही अदलाबदल करून पाहिल्या. ‘सामना’त उसाच्या राज्याचे धनी असलेले निळूभाऊ ‘सिंहासन’मध्ये खांद्याला झोळी लावून फिरणारे पत्रकार दिगू टिपणीस झाले. ‘सामना’त सत्तेला जाब विचारणारे लागू ‘सिंहासन’मध्ये मुख्यमंत्रिपदावर डोळा ठेवणारे विश्वासराव दाभाडे झाले. व्यावसायिक चित्रपटाने हे धाडस केलं नाही. तिथे निळूभाऊंच्या वाट्याला पाटील आणि सरपंच येत राहिले. त्यांच्यासारख्या नटाला तेवढ्याच चौकटीत कोंडलं गेलं, ही मराठी सिनेमाने स्वतःची करून घेतलेली मोठी हानी आहे.

‘सद्गती’ थोडं थांबून पाहण्यासारखा आहे. प्रेमचंदांच्या कथेवरून सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी केलेला हा जेमतेम तासाभराचा चित्रपट. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षक मंडळाचा विशेष पुरस्कार मिळाला. मुलीच्या सोयरिकीसाठी मुहूर्त विचारायला आलेल्या दुखीला (ओम पुरी) घासीराम पंडित लाकडाचा ओंडका फोडायला लावतो. उपाशी, तापातून नुकताच उठलेला दुखी तिथेच मरून पडतो. प्रेत उचलायला त्याचे जातभाई येत नाहीत आणि पंडित त्याला हात लावणार नाही. मग पावसाळी पहाटे घासीराम एकटाच बाहेर येतो, स्पर्श टाळत काठीने मेलेल्याचा पाय उचलतो, पायात दोरीचा फास अडकवतो आणि प्रेत ओढत गावाबाहेर नेतो. नंतर त्या जागेवर पाणी शिंपडतो. या दृश्यात आगाशे कुठेही खलनायक होत नाहीत. त्यांचा घासीराम कंटाळलेला आहे, घाईत आहे, आणि एखादं नकोसं घरकाम उरकावं तसं ते उरकतो आहे. म्हणूनच ते पाहवत नाही. ओम पुरी यांच्या थकलेल्या घावांचं वर्णन अनेकांनी केलं आहे. ते घाव पोचतात, कारण समोर ओसरीवर या पंडिताची शांत झोप आहे.

पुढच्याच वर्षी रिचर्ड ॲटनबरो यांचा ‘गांधी’ आला आणि त्याने आठ ऑस्कर जिंकली. कोल्हापूरच्या भानू अथय्या वेशभूषेचं ऑस्कर मिळवून हा सन्मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी यांना बाफ्टा मिळाला. डॉ. लागू गोपाळ कृष्ण गोखले झाले, आगाशे एका छोट्या भूमिकेत आहेत, अमरीश पुरी आहेत, ओम पुरी आहेत. दंगलीत पोटचं पोर गमावलेला, दुसऱ्याच्या पोराचा जीव घेऊन आलेला आणि उपोषणाला बसलेल्या गांधीजींच्या अंगावर पोळी फेकणारा तो माणूस, म्हणजे ओम पुरी, दोन-तीन मिनिटंच दिसतो. तीन तासांच्या चित्रपटातून घरी नेण्यासारखं जे थोडं असतं, त्यात तो असतोच.

आता पुरस्कारांच्या रचनेबद्दल. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि अभिनेत्री हे पुरस्कार १९६७ च्या चित्रपटांपासून आले. सहाय्यक अभिनेता आणि सहाय्यक अभिनेत्री यांच्यासाठी मात्र १९८४ च्या चित्रपटांपर्यंत वाट पाहावी लागली. पहिले मानकरी होते ‘घरे बाइरे’साठी व्हिक्टर बॅनर्जी आणि ‘पार्टी’साठी रोहिणी हट्टंगडी. म्हणजे ‘सामना’, ‘निशांत’, ‘मंथन’, ‘सिंहासन’, ‘आक्रोश’ या साऱ्या काळात दुसऱ्या फळीतल्या नटाचं काम नोंदवायला त्या कागदावर रकानाच नव्हता. चित्रपटाला पुरस्कार मिळाला की तो दिग्दर्शकाला आणि निर्मात्याला. एवढे नट एवढ्या तन्मयतेने त्या जागांवर उभे राहिले ते कोणी दखल घेईल म्हणून नाही, हे त्यांच्याबद्दल आदराने सांगायला हवं. आणि समूहाच्या अभिनयासाठी स्वतंत्र पुरस्कार असावा, ही मागणी मराठी रसिकांनी जोराने करायला हवी, कारण त्या परंपरेत मराठीचा वाटा फार मोठा आहे.

आगाशे यांचा हा प्रवास नव्या पिढीबरोबरही चालू राहिला. उमेश कुलकर्णी यांच्या ‘वळू’त ते सरपंच होते. त्याच दिग्दर्शकाच्या ‘देऊळ’ला २०११ चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, ‘ब्यारी’ या चित्रपटाबरोबर विभागून. गिरीश कुलकर्णी सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले, संवादांचा पुरस्कारही त्यांनाच. त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आगाशे आहेत, ज्योती सुभाष आहेत, किशोर कदम आहेत, दिलीप प्रभावळकर, उषा नाडकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि नाना पाटेकर आहेत. एवढी माणसं एका गावात राहतात यावर विश्वास बसतो, हेच ‘देऊळ’चं यश.

मग सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री ही आगाशे यांची मुख्य भूमिका. गाडीत बसवून ठेवलेले शास्त्रीबुवा रस्त्याने जाणाऱ्या हत्तीमागे चालू लागतात आणि माहुताच्या कुटुंबात जाऊन पोचतात. तिथल्या कानडी बोलणाऱ्या चन्नम्माला ते आई मानतात. ती त्यांना भरवते, सांभाळते. पुढे तिच्या मायेच्या नुसत्या स्पर्शाने हा विद्वान पोरासारखा निवांत होतो. ‘घाशीराम’मधल्या नानांच्या एकेका पावलाचा तोरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हाच नट सगळा तोरा गळून गेलेलं शरीर कसं उभं करतो ते इथे दिसेल. राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते चन्नम्मा झालेल्या अमृता सुभाष यांना सहाय्यक अभिनेत्री म्हणून आणि सुमित्रा भावे यांना संवादांसाठी. दोन्ही अगदी योग्य. पण चन्नम्माची माया ज्याच्यावर ओतली जाते, तो माणूस तितकाच खरा वाटला नसता तर ती वाया गेली असती.

२०१६ चं सुवर्णकमळ भावे-सुकथनकरांच्याच ‘कासव’ला मिळालं. कोकणच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी जपणारे दत्ताभाऊ आगाशे यांनी केले. आयुष्यभर मनोविकारशास्त्र शिकवलेला माणूस नैराश्यावरच्या या चित्रपटात डॉक्टर झाला नाही. डॉक्टरकीचं काम त्यांनी पडद्याबाहेर ठेवलं. आधी ‘अस्तु’ आणि मग ‘कासव’ घेऊन ते गावोगावी फिरले. खेळ संपला की दिवे लावून प्रेक्षकांशी बोलायचे, स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांबद्दल, खोलीत कोंडून घेतलेल्या मुलाबद्दल लोक विचारतील त्याला उत्तरं द्यायचे. ‘कासव’च्या निर्मात्यांमध्ये त्यांचं नाव होतं आणि त्या नात्याने सुवर्णकमळात त्यांचा वाटा होता. ‘सामना’नंतर चार दशकं उलटली होती.