पट्टे मोजा, मग फोटो काढा



अमेरिकेत मुलांकडे राहून आलेली आपली मंडळी फोनमधला एक फोटो हमखास दाखवतात: परसातल्या लाकडांच्या ढिगावर बसलेला, गाल फुगवलेला चिपमंक. ‘अगदी आपली खारच की!’ असं म्हणत फोन हातोहात फिरतो. खरंच आपली खार का, हे मात्र कुणी विचारत नाही, कारण आपली खार आपण कधी नीट पाहिलेलीच नसते.

चिपमंकाच्या बहुतेक जाती उत्तर अमेरिकेतल्या. आशियात एकच, सायबेरियापासून कोरिया आणि जपानच्या होक्काइदोपर्यंत. भारताच्या रानात तो नाही. त्याच्या चेहऱ्यावरही पट्टे असतात; आपल्या खारीचा चेहरा कोरा. त्याच्या गालांत पिशव्या असतात. त्यांत दाणे भरून तो बिळात नेतो आणि कडक हिवाळा बराचसा तिथेच झोपून काढतो. आपली खार झाडाच्या बेचक्यात नाहीतर घराच्या वळचणीला काथ्या-कापसाचं घरटं करते आणि जबलपूरच्या डिसेंबरातही सकाळी कुंपणावर ऊन खात बसते.

आपल्याकडची खार पाचपट्टी. रॉटन यांनी 1905 साली तिला शास्त्रीय नाव दिलं. पाठीवर तीन ठळक फिकट पट्टे आणि दोन्ही कुशींवर एकेक पुसट. दक्षिणेतली तीनपट्टी ही वेगळी जात. सेतू बांधताना रामरायाने पाठीवरून तीन बोटं फिरवली, ही कथा रामेश्वराकडच्या खारीला चपखल बसते. आपल्या खारीला मात्र दोन पट्टे जास्तीचे मिळालेत! ते दोनच फोटोत हरवतात, कारण समोरून काढलेल्या फोटोत कुशी दिसतच नाहीत. म्हणून पहिला फोटो बाजूने घ्या.

शोधायचं कुठे? आपल्या जबलपुरात डुमन्याच्या राखीव रानात जा, ग्वारीघाटच्या वाटेवरची जुनी झाडं बघा, नाहीतर घरचा पेरू आहेच. आधी कान लावा. पक्ष्यासारखी कर्कश चिकचिक चालू असेल आणि प्रत्येक हाकेसरशी शेपटी झटकली जात असेल, तर जवळपास मांजर, साप किंवा शिक्रा आहे असं समजा. ती कुठे बघते आहे तिकडे आपणही बघावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर फुलली की तिच्याखाली थांबा. खार लाल फुलात तोंड खुपसून मध पिते आणि बाहेर येते तेव्हा मिशांना पराग चिकटलेले असतात. परागीभवनातला हा अक्षरशः खारीचा वाटा!

आता कॅमेरा. खार क्षणभर थबकते आणि पळते, म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका तरी ठेवा आणि फोकस डोळ्यावर. उभ्याने, वरून काढलेल्या फोटोत ती केसाळ गोळा दिसते; जमिनीवर बसा, लेन्स तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा. सकाळचं तिरपं ऊन मागून आलं तर शेपटीची कड उजळते. खोडावरून ती डोकं खाली करून उतरते, तेव्हा मागचे पंजे निरखा. ते घोट्यातून पार मागे वळलेले असतात आणि नख्या सालीत रुतलेल्या असतात. त्यांच्यावरच ती लटकते. हा एक फोटो शंभर गोजिऱ्या फोटोंपेक्षा जास्त सांगतो.

बिस्किटाचं आमिष दाखवू नका. त्याने खार जवळ येते, पण फोटोत मग बिस्किट खाणारी खारच उरते. घरटं तर उचकटू नकाच. आत दोन-तीन आंधळी पिल्लं असू शकतात.

आपण वाघासाठी पहाटे उठून कान्ह्याला जातो आणि जिप्सीत बसून दुसऱ्याने दाखवलेलं टिपतो. खार दाखवायला गाइड मिळत नाही. तिथे नजर आपलीच कमवावी लागते. ती कमवा, प्रत्येक फोटोखाली तारीख, जागा आणि झाडाचं नाव लिहा. मग खुशाल कान्ह्याला जा; गाइडच्या आधी तुम्हालाच काही दिसू लागेल.