श्रावणात सुटलेली दारू पुढेही सुटलेलीच राहावी म्हणून



आपल्या जळगाव जामोद भागात श्रावण पाळणारी पुष्कळ मंडळी आहेत. एरवी रोज घेणारा माणूसही या महिन्यात बाटलीला हात लावत नाही. पण श्रावण संपतो तो पोळ्याच्या अमावस्येला, आणि दुसऱ्या दिवशी येते कर. महिनाभर राखलेलं पुष्कळदा त्या एका दिवसात जातं. मग घरचे म्हणतात, "याचं मनच कच्चं." पण नुसत्या मनाला दोष देऊन चालणार नाही. दारू बंद झाली, पण दारूच्या वेळेला दुसरं काहीच लावलं नव्हतं. रान मोकळं ठेवलं की तण येणारच.

कृषी खात्याचा माणूस दारूवर का बोलतो, असं कुणाला वाटेल. वापसा आला आणि घरचा कर्ता पडून राहिला, तर कितीही चांगलं बियाणं घरात असून उपयोग नाही. हंगाम कुणासाठी थांबत नाही.

आधी एक सावधगिरी. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, झटके, भास, बरळणं असा त्रास होऊ शकतो. तो जिवावरही बेतू शकतो. म्हणून अशा माणसानं डॉक्टरांच्या सल्ल्यानंच दारू सोडावी. भगिनींनो, दारू सोडवण्याची पावडर किंवा गोळी नवऱ्याला न सांगता जेवणात मिसळू नका. काही औषधांवर दारू पोटात गेली, तर प्रकृती एकदम गंभीर होते.

आता रोजच्या सवयी पाहू.

१. दिवेलागणीची वेळ बांधून घ्या. पिण्याची आठवण बहुधा याच वेळी येते. वैरण कापणं, धारा काढणं, गोठा झाडणं ही कामं याच वेळेला ठेवा. नंतर हरिपाठाला बसा किंवा मुलांचा अभ्यास घ्या. शेतातून येताना दुकानावरची वाट टाळा, थोडा फेरा पडला तरी चालेल.

२. पोट रिकामं ठेवू नका. संध्याकाळी पाचच्या सुमारास फुटाणे, शेंगदाणे, गूळ असं काही खा. रात्रीचं जेवण लवकर घ्या. भाकरी, वरण, भाजी, ताक हे साधं जेवण पुरेसं आहे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टी माणसाला पुन्हा बाटलीकडे नेतात.

३. तलफ आली की अर्धा तास काढा. तलफ पाण्याच्या लोंढ्यासारखी असते. चढते, आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. पाणी प्या, उठून चालू लागा, कुणाशी तरी बोला. आयुष्यभराची शपथ जड वाटते, "आजचा दिवस नाही" एवढं पेलतं.

४. पैसा हातात खेळवू नका. सोयाबीनचे पैसे आले, कपाशीचा चुकारा मिळाला, की तो दिवस धोक्याचा. रक्कम थेट बँकेत जाऊ द्या आणि बाजाराला जाताना घरचं माणूस सोबत न्या. समजा, रोज १०० रुपये दारूत जात होते. वर्षाचे ३६,५०० रुपये झाले. त्यात किती एकरांचं बियाणं-खत येतं, ते तुम्हीच मोजा.

५. झोप सांभाळा. सुरुवातीचे काही आठवडे झोप नीट लागत नाही. रोज ठरल्या वेळी अंथरुणाला पाठ टेका. स्वतःच्या मनानं झोपेच्या गोळ्या घेऊ नका.

६. एकटे राहू नका. १९३५ साली अमेरिकेत नुकतीच दारू सोडलेले एक शेअर दलाल आणि दारूत बुडालेले एक डॉक्टर एकमेकांना भेटले. त्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. दारू सोडलेल्यांनी नियमित भेटावं, मोकळं बोलावं, ही तिची एक मुख्य रीत. आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी त्याला आर्थिक मदत दिली. तिथे बरे झालेले लोक नव्या रुग्णांना हात देतात, बायकांसाठी 'सहचरी' गट असतो. गावात असे तीन-चार जण असतील, तर आठवड्यातून एकदा पारावर बसा.

घरच्यांना एक विनंती. जुन्या गोष्टी काढून टोमणे मारू नका. "आज वेळेवर आलात, बरं वाटलं," एवढं म्हटलं तरी माणसाला बळ येतं. मित्रमंडळींनीही करीच्या दिवशी आग्रह करू नये. त्या आग्रहात एखाद्याचं घर जातं.

आणि समजा, एखाद्या दिवशी पाय घसरला, तर सगळं संपलं असं धरू नका. निंदण केलेल्या रानात पुन्हा तण दिसलं, म्हणून कुणी शेत सोडत नाही, पुन्हा डवरा धरतो. त्याच दिवशी आपल्या माणसाला सांगा, डॉक्टरांना भेटा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ या सरकारी क्रमांकांवर मोफत बोलता येतं.

करीचा दिवस दरवर्षी येणार आहे. त्या दिवशी काय करायचं, कुठे जायचं, कुणासोबत बसायचं, हे पोळ्याच्या आधीच घरात बसून ठरवा. पेरणीचं नियोजन आपण आधी करतो, तसंच हे.