बाप्तिस्म्याचे जल आणि गावचा पाणवठा



ज्या लातुरात २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, आणि त्याआधीच पाणवठ्यांपाशी तंटे होऊ नयेत म्हणून सरकारास जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, त्या लातुरात जलाच्या धार्मिक अर्थाविषयी बोलताना वक्त्याला एक सोय असते : पाण्याची किंमत येथील श्रोत्यांना ग्रंथांतून शिकावी लागलेली नाही.

नांदेडला गोदावरीच्या घाटावर पर्वणीस स्नान करणारा भाविक पुढल्या पर्वणीस पुन्हा येतो; ख्रिस्ती मनुष्याचा बाप्तिस्मा मात्र आयुष्यात एकदाच होतो, कारण रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने त्यास मळ धुणे न म्हणता ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणे म्हटले आहे. मग दुष्काळात काय करावे? आद्य मंडळीने हाही विचार केलेला होता. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे ज्याचे हस्तलिखित हाती आले त्या ‘डिडाखे’ नामक प्राचीन ग्रंथात अशी तजवीज आहे की, शक्य तर वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यावा, ते नसेल तर अन्य पाण्यात, थंड न मिळाल्यास कोमट पाण्यात, आणि दोन्हींपैकी काहीच पुरेसे नसेल तर मस्तकावर त्रिवार पाणी ओतावे. ही सवलत मला फार मोलाची वाटते. तहानलेल्या मुलखातल्या माणसाला नवजन्म नाकारला जाऊ नये, एवढी काळजी तीत आहे.

परंतु महाराष्ट्रात खरा प्रश्न पाणी किती हा नव्हताच, ते कोणाच्या हातचे हा होता. योहानाच्या शुभवर्तमानात येशू याकोबाच्या विहिरीपाशी थकून बसतो आणि जिच्या लोकांशी यहुदी व्यवहार ठेवीत नसत त्या शोमरोनी स्त्रीजवळ प्यायला पाणी मागतो. जिवंत पाण्याची गोष्ट त्यानंतर येते. आधी विटाळाची भिंत पडली, मग उपदेश झाला, हा क्रम आपल्याकडील वाचकाच्या नजरेतून सुटू नये.

हाच क्रम एका मराठी घरातही दिसतो. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, आणि लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास ठाऊक आहे की, मधल्या काळात पतीशी पुन्हा एकत्र येऊनही त्यांनी आपले सोवळे जपले होते. मग जातिभेद माणसाने केलेले आहेत, देवाने नव्हेत, असा विचार मनात उभा राहिला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास हरकत नाही असा निश्चय त्यांनी केला. माझ्या मते लक्ष्मीबाईंचे परिवर्तन त्या निश्चयात घडले; पुढील संस्काराने मंडळीच्या दप्तरी त्याची नोंद केली. संस्काराला मी गौण लेखतो असे कोणी समजू नये, परंतु मस्तकावर पाणी पडूनही जातीचा अभिमान कोरडाच राहिल्याची उदाहरणे आपल्या ख्रिस्ती समाजातही आहेत, हे बोलल्यावाचून गत्यंतर नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहस्रावधी अनुयायी पाणी प्याले, तेव्हा तेथे ख्रिस्ती संस्कार कसलाच नव्हता. तरी त्या ओंजळीत नव्या मनुष्याचा जन्म मला दिसतो, आणि नंतर सनातन्यांनी गोमूत्रशेणाने केलेल्या त्या तळ्याच्या ‘शुद्धी’त दिसत नाही.

टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोहोंस ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र येण्याची मुभा होती. बाप्तिस्म्यासाठी स्वतः पत्नीपासून ताटातूट सोसलेल्या मनुष्याने ते दार उघडे ठेवावे, यात मला संस्काराचा अवमान दिसत नाही. टिळक १९१९ च्या मे महिन्यात निवर्तले. परंतु जो सर्वांबरोबर एका घागरीचे पाणी प्याला आहे पण पाण्याखाली गेलेला नाही, त्याला आत म्हणावे की बाहेर, हा त्यांचा प्रश्न मंडळीपुढे आजही तसाच आहे.